कालव्याकाठचा बुरूज आणि आमच्या गावची गढी

मागच्या वर्षी मे-जूनमध्ये सहा आठवडे पोरीकडं राहून आलो, इंग्लंडात, रेडिंगला. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतोय, आज बसलोच. लंडनचे पूल, राजवाडा, मोठं घड्याळ हे सगळं बघितलं, छान आहे, पण त्याच्यावर लय जणांनी लिहून ठेवलंय. मला लिहायचंय ते एका काँक्रीटच्या खोलीबद्दल, जी बघायला कुणी तिकीट काढून जात नाही.

रेडिंगहून केनेट अँड एव्हन नावाचा कालवा पश्चिमेला जातो. माझी नोकरी सगळी पाटबंधाऱ्यात गेली, त्यातली निम्मी माजलगावच्या कालव्यावर, त्यामुळं पोरगी म्हणली आप्पा तुम्हाला म्युझियमपेक्षा कालवाच आवडंल, चला. आणि खरंच आवडला. १८१० साली पूर्ण झालेला कालवा, पण त्याचं पाणी एकाही शेताला नाही. चारी नाही, वितरिका नाही, पाळी नाही. दारं आहेत, पण ती नावा वर-खाली करायला, कारण हा कालवा बांधलाच होता मालवाहतुकीसाठी. मी काठाकाठानं सगळं निरखत चाललो होतो, पिचिंग (काठाचं दगडी अस्तर) कसं केलंय, गळती कुठं हाय, आणि थील नावाच्या गावाच्या पुढं झुडपात एक बुटकी चौकट दिसली. मला वाटलं मोटारीची खोली. आपल्याकडं विहिरीवर असते ना, पत्रा टाकलेली, स्टार्टर ठेवायला, तसली काहीतरी.

जवळ गेलो तर भिंती चार नव्हत्या, सहा होत्या. खिडक्या नव्हत्या, छातीच्या उंचीवर आडव्या चिरा होत्या. आणि वर जाडजूड स्लॅब.

मी आधी हात लावला भिंतीला, सवयच आहे ती. सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे जसेच्या तसे होते. लाकडाच्या रेषा, एका फळीला गाठ होती तर त्या गाठीचा गोल सुद्धा काँक्रीटात उमटलेला, आणि दोन फळ्यांच्या फटीतून स्लरी बाहेर येऊन जी कड तयार होते ती पण कुणी तासून काढलेली नाही. मधेच एक आडवी रेघ, म्हणजे एका दिवसाची भर तिथं थांबली आणि दुसरी नंतर पडली. खालच्या कोपऱ्यात हनीकोंब झालेलं, खडी उघडी, तिथं गज बसला नसणार नीट. आमच्या साईटवर असं काम दिसलं असतं तर मी त्या मुकादमाला उभं केलं असतं. पण ऐंशीच्या वर वर्षं झालीत, आणि त्या स्लॅबला एक तडा नाही. मी बराच वेळ तिथंच उभा राहिलो. हे काम घाईत केलंय, आणि ज्यानं केलंय त्याला शोभेपेक्षा वेळ महत्त्वाचा होता, हे ती भिंतच सांगत होती.

पोरीनं मोबाईलवर बघितलं. पिलबॉक्स म्हणतात त्याला, शब्दशः औषधाच्या गोळ्यांची डबी, म्हणजे शिपायांनी आत बसून बंदुका चालवायची पक्की चौकी. मग पुढचे कित्येक दिवस मी हाच नाद लावून घेतला, जावईबापूंनी पण साथ दिली, रविवारी गाडी काढायचे आणि म्हणायचे चला मामा, आज कुठला बुरूज.

आता थोडं मागचं सांगतो म्हणजे कळंल घाई कसली होती ती. १९४० चा मे महिना. जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या आणि इंग्रजांचं सैन्य डंकर्कच्या किनाऱ्यावर कोंडलं गेलं. २६ मे ते ४ जून या दिवसात तिथून ३,३८,००० च्या वर माणसं, इंग्रज आणि फ्रेंच मिळून, समुद्रातनं परत आणली, पण तोफा, रणगाडे, ट्रक सगळं तिथंच टाकून यावं लागलं. (त्या डंकर्कच्या गर्दीत आपल्या हिंदुस्थानी फौजेच्या खेचरांच्या कंपन्या पण होत्या, पंजाबकडची मुसलमान पोरं जास्त, हे मला साठी ओलांडल्यावर कळलं.) म्हणजे माणसं वाचली पण हातात काही नाही, आणि समोर बावीस मैलांचा चिंचोळा समुद्र, पलीकडं शत्रू. अशा वेळी देशातल्या फौजेचा प्रमुख झाला जनरल आयर्नसाइड. त्यानं हिशोब असा केला की किनाऱ्यावर शत्रूला पूर्ण अडवणं जमणार नाही, पण उतरल्यावर त्याचे रणगाडे सुसाट लंडनकडं आणि कारखान्यांच्या भागाकडं सुटू नयेत म्हणून देशभर आडव्या-उभ्या अडथळ्याच्या रेघा मारायच्या. त्यांना स्टॉप लाइन म्हणायचे. सगळ्यात मोठी ती जीएचक्यू, म्हणजे जनरल हेडक्वार्टर्स, लाइन. आणि रेघ मारायची कुठं, तर जिथं आधीच नदी, कालवा, रेल्वेचा भराव आहे तिथं, कारण रणगाड्याला पाणी आणि उभा काठ ओलांडता येत नाही. म्हणून तो शेताला पाणी न देणारा कालवा एका उन्हाळ्यात खंदक झाला.

हे वाचलं आणि मला नळदुर्ग आठवला, तिथं बोरी नदीच अडवून, वळवून किल्ल्याच्या कामाला लावलीय. परंड्याचा पाण्यानं भरलेला खंदक आठवला. पाणी आणि बुरूज ही जोडी माणसाला सगळीकडं सुचलेली आहे.

त्या उन्हाळ्यात ब्रिटनभर अशा सुमारे २८,००० पिलबॉक्स आणि तसल्या पक्क्या चौक्या उभ्या राहिल्या. उन्हाळ्यात म्हणजे बहुतेक जून ते सप्टेंबर. मला जो आकडा वाचून घाम फुटला तो हाच. एक साधा पाईप कल्व्हर्ट, म्हणजे रस्त्याखालची नळ्याची मोरी, मंजूर होऊन बांधून व्हायला आपल्याकडं किती महिने लागतात हे मी सांगायला नको. तिकडं सरकारी बांधकाम शाखेनं ठराविक नमुने काढून दिले, टाइप २२, टाइप २४ असे नंबर टाकून, आणि गावोगावचे साधे कंत्राटदार कामाला लावले, जे काल घरं बांधत होते ते आज चौक्या बांधायला लागले. फळ्या संपल्या तर विटांची भिंत घालून तिलाच सेंट्रिंग करायचं, आत काँक्रीट ओतायचं आणि विटा तशाच राहू द्यायच्या, त्यामुळं काही पिलबॉक्स बाहेरून विटांच्या दिसतात. साधी भिंत १२ इंच, रायफलची गोळी थोपवण्यापुरती. जिथं तोफगोळ्याची भीती तिथं ४२ इंच, म्हणजे साडेतीन फूट. मी टेप नेला होता बरोबर, पोरगी हसली, पण मी मोजलं.

मला सापडलेला तो टाइप २४ होता, सहा बाजूंचा पण सगळ्या सारख्या नाहीत, मागची बाजू लांब, तिच्यात दार, दाराच्या दोन्ही अंगाला एक-एक छोटं भोक. बाकीच्या पाच बाजूंना मशीनगनसाठी एक-एक चीर. आत वाकून शिरलो. मधोमध इंग्रजी वाय अक्षरासारखी भिंत उभी आहे, ती दोन कामं करते, वरचा स्लॅब तोलते आणि एका चिरेतून आत आलेली गोळी आतल्या आत उडून पलीकडच्या माणसाला लागू देत नाही. प्रत्येक चिरेखाली आतून काँक्रीटचा छोटा ओटा, बंदुकीचे पाय टेकवायला. त्या ओट्यावर मी कोपर टेकवलं आणि बाहेर बघितलं. कालवा, पलीकडचा काठ, गवत, एक पूल. तेवढंच दिसतं. आजूबाजूला काय चाललंय ते कळत नाही, फक्त तो एक तुकडा दिसतो, आणि आत ओल, अंधार, तुमच्या श्वासाचा आवाज.

आपण ह्याला जंग्या म्हणतो. किल्ल्याच्या तटात, बुरुजात बंदुकीसाठी ठेवलेलं भोक ते जंग्या. आपल्या जंग्या आतून रुंद, बाहेर चिंचोळ्या, आणि बऱ्याचदा खालच्या दिशेला तिरक्या, म्हणजे तटाच्या पायथ्याशी आलेला माणूस टिपता यावा. तिकडच्या काही चिरा बाहेरून पायऱ्या-पायऱ्या पाडलेल्या असतात, तिरकी आलेली गोळी घसरत आत जाऊ नये म्हणून. डोकं तेच, फक्त हत्यार बदललेलं.

लपवायचे प्रकार तर विचारू नका. काही पिलबॉक्स गवताच्या गंजीसारख्या केलेल्या, काहींना खोटं छप्पर, रंगवलेल्या खिडक्या लावून घर केलेलं, समुद्रकाठी आइस्क्रीमचं दुकान वाटावं असं रंगवलेलं, रेल्वेजवळ सिग्नलची केबिन. विमानतळांवर तर एक नमुना होता जो जमिनीत बुडून राहायचा, विमान उतरताना धावपट्टीला अडचण नको म्हणून, आणि हल्ला झाला की वर उचलायचा. मोकळ्या माळावर ग्लायडर (बिनइंजिनाची विमानं) उतरू नयेत म्हणून खांब रोवले, चर खोदले, जुन्या गाड्या उभ्या केल्या. रस्त्यावरचे गावांच्या नावाचे फलक काढून टाकले. आणि समुद्रकिनाऱ्यावर रणगाडे चढू नयेत म्हणून काँक्रीटचे चौकोनी ठोकळे ओळीनं, मैलोनमैल, त्यातले बरेच अजून आहेत, पोरं त्यावर उड्या मारत बसतात.

एका रविवारी केंटच्या किनाऱ्याला गेलो, डंजनेसकडं, तिथं डेंज नावाच्या जागी पाण्यापलीकडं तीन वस्तू उभ्या आहेत, आणि ह्या मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या. काँक्रीटच्या मोठाल्या वाट्या. एक २० फुटांची, एक ३० फुटांची, आणि तिसरी म्हणजे २०० फूट लांब वळणदार भिंत. १९२८ ते १९३० मध्ये बांधलेल्या. त्यांना साउंड मिरर म्हणतात, आवाजाचे आरसे. समुद्रावरून येणाऱ्या विमानाचा आवाज त्या वाटीत पडून एका ठिकाणी गोळा व्हायचा आणि तिथं माणूस कान लावून बसायचा. कानाच्या मागं आपण हात धरतो ना ऐकू यायला, तेच, फक्त २०० फुटांचं. पण विमानं दिवसेंदिवस वेगवान होत गेली, आवाज ऐकू येईपर्यंत विमान डोक्यावर यायला लागलं, आणि १९३५ च्या फेब्रुवारीत रेडिओच्या लहरींनी विमान हुडकायचा प्रयोग यशस्वी झाला, त्यातनं रडार आलं. वाट्या बिनकामाच्या झाल्या. पण त्या काठावर उभं राहिल्यावर मला त्यांच्याबद्दल लय माया वाटली. कुणीतरी मन लावून गणित केलेलं आहे, वळण बरोबर साधलंय, आणि ते काँक्रीट अजून समुद्राकडं कान लावून आहे.

थेम्स नदी समुद्राला मिळते तिथं पाण्यात काँक्रीटच्या पायांवर उभ्या असलेल्या बुरुजांचा झुपका आहे, रेड सँड्स म्हणतात. गाय मॉन्सेल नावाच्या इंजिनिअरची कल्पना, १९४३ चं काम, सात मनोरे, आधी एकमेकांना चालायच्या पुलांनी जोडलेले, वर विमानविरोधी तोफा. आम्ही हर्न बेच्या किनाऱ्यावरून बघितले, त्या दिवशी हवा स्वच्छ होती, क्षितिजावर बारीक काळे ठिपके, जणू लांब पायाचे बगळे पाण्यात उभे. नौदलाचे वेगळ्या धाटणीचे होते, त्यातल्या एकावर १९६७ मध्ये एक कुटुंब जाऊन राहिलं आणि सीलँड नावाचं आपलं स्वतंत्र राज्य जाहीर केलं, तो किस्सा तुम्ही वाचला असंल.

आता मूळ मुद्दा. ह्या २८,००० पैकी एकाही पिलबॉक्ससमोर जर्मन फौज कधी आली नाही. जुलैमध्येच आयर्नसाइडच्या जागी जनरल ॲलन ब्रुक आला, त्याला ह्या रेघा पटत नव्हत्या, तो म्हणायचा फौज चौक्यांत बसवून ठेवण्यापेक्षा हलती ठेवा. तरी बांधकामं काही काळ चालू राहिली. आणि विमानांची लढाई जर्मनांना जिंकता आली नाही म्हणून हिटलरनं स्वारी बेमुदत पुढं ढकलली, तारीख १७ सप्टेंबर १९४०.

१७ सप्टेंबर! मी ती तारीख दोनदा वाचली. आपल्याला ही तारीख वेगळी सांगायला लागत नाही, मराठवाड्यात शाळेत गेलेल्या प्रत्येक पोरानं त्या दिवशी झेंडा बघितलेला आहे. निजामाच्या राज्यातून सुटल्याचा आमचा मुक्तिदिन १९४८ चा, त्यांची सुटका बरोबर आठ वर्षं आधीची.

आणि मग आणखी एक धागा निघाला, तो कळला त्या रात्री मला झोप आली नाही. त्या विमानांच्या लढाईत इंग्रजांच्या हवाई दलात १५२ नंबरचं स्क्वाड्रन होतं, नाव हैद्राबाद स्क्वाड्रन. २५३ नंबरचं पण हैद्राबाद स्क्वाड्रन. निजामाच्या देणगीवरून पडलेली नावं. १५२ च्या बोधचिन्हावर चक्क निजामाची पगडी आहे. त्यांची स्पिटफायर विमानं १९४० च्या उन्हाळ्यात डॉर्सेटमधल्या वॉर्मवेलवरून उडायची, खाली तोच किनारा, तेच ठोकळे, त्याच पिलबॉक्स. आता निजामाच्या तिजोरीत पैसा कुठनं यायचा? औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाचही जिल्हे त्याच्याच राज्यात होते. माझा आजा केज तालुक्यात सारा भरायचा, हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या नाण्यात. लढाईच्या काळात लेव्हीचं धान्य सरकारला सक्तीनं कसं घालावं लागायचं, घरात जवारी असून पोरांना कशी मोजून भाकर मिळायची, हे आजा सांगायचा ते मला लख्ख आठवतं. मी असं म्हणत नाही की आज्याच्या जवारीचं स्पिटफायर झालं. पण त्या कालव्याच्या काठावर मी परका नव्हतो एवढं मला वाटलं, आणि ते वाटणं अजून गेलेलं नाही.

आज त्या २८,००० पैकी साडेसहा हजारांच्या आसपास उरल्यात असा अंदाज सांगतात. काही शेतकऱ्यांनी फोडल्या, काही रस्त्यात, वस्तीत गेल्या. पूर्व किनाऱ्यावर होल्डरनेस भागात मातीचे कडे समुद्र खातोय, काही ठिकाणी वर्षाला दीड-दोन मीटर, तर तिथं कड्यावर बांधलेल्या चौक्या खाली वाळूत येऊन पडल्यात, कुठं तिरक्या, कुठं उलट्या. काही पिलबॉक्सची दारं बंद करून आत पाकोळ्यांना (बारक्या वटवाघळांना) राहायला जागा करून दिलीय, ते मला फार आवडलं. पण सगळ्यात भारी काम झालं १९९५ पासून पुढची सहा-सात वर्षं. डिफेन्स ऑफ ब्रिटन नावाचा प्रकल्प काढला, आणि सुमारे ६०० हौशी माणसं, कुणी मास्तर, कुणी पेन्शनर, आपापल्या भागात रानोमाळ हिंडली, प्रत्येक चौकी, ठोकळा, खंदक शोधून, मोजून, फोटो काढून नोंद केली. जवळजवळ २०,००० जागांच्या नोंदी झाल्या. दिसायला कुरूप, घाईत बांधलेल्या, न वापरलेल्या जागा. राजाचा वाडा नाही की कोरीव देऊळ नाही. तरी लिहून ठेवल्या.

आणि आमच्या गावची गढी?

आमच्या गढीला चार बुरूज होते म्हणतात, मी लहानपणी तीन बघितलेत, आता दोन आहेत. खाली दगड, वर पांढरी माती आणि विटा. ती पांढरी माती रानात टाकली की पीक चांगलं येतं, म्हणून वर्षानुवर्षं लोकांनी गाड्या भरून नेली, माझ्या बापानं पण नेलीय. मधे एका रस्त्याच्या कामाला जेसीबी लावून एक बाजू पार उकरली. कुणी विचारलं नाही, कुणी अडवलं नाही, मी पण नाही, आणि ते आठवलं की अजून लागतं. मराठवाड्यात एक-एका तालुक्यात अशा किती गढ्या आहेत, धारूर, कंधार, उदगीर, औसा ह्या मोठ्या किल्ल्यांवर निदान बोर्ड तरी लागलेत, गढ्यांना तेही नाही.

परत आल्यावर दिवाळीत गावी गेलो तो टेप, दोनशे पानी वही आणि पुतण्याला घेऊनच. गढीवर सीताफळीचं रान माजलंय, वाटेत एक घोरपड आडवी गेली. आम्ही पडलेल्या भिंतीवरून वर चढलो. पायवाटेनं जाणारा एकजण ओरडला, "अण्णा, काय मोजायलात? धन बिन सापडलं का?" पुतण्यानं हात केला आणि टेपचं टोक धरून उभा राहिला. पूर्वेचा बुरूज, खालून घेर ६१ फूट. वरची भिंत सव्वादोन फूट जाड. जंग्या सात, पैकी दोन बुजलेल्या, एक ढासळलेली. एका जंग्यात मी कोपर टेकवलं आणि बघितलं तर मारुतीचं देऊळ, वेशीकडचा रस्ता आणि नदीचा उतार, बस तेवढाच तुकडा.

संध्याकाळी थोरल्या चुलतीला फोटो दाखवले. तिची नव्वदी जवळ आलीय, नजर कमी झालीय, मोबाईल नाकाला लावून बघते. तिचं माहेर पण गावातलंच, वेशीपाशी. म्हणाली, "कोणतं भोक, रस्ता दिसतंय ते का? तिथं तुझा आज्जा बसायचा की. रजाकाराच्या टायमाला. रातभर. आळीपाळीनं बसायचे गडी, भरमाराची बंदूक एकच व्हती सगळ्यात मिळून. माझी माय भाकरी बांधून माझ्याजवळ द्यायची, मी लेकरू, मी नेऊन द्यायची वर."

मी म्हणलं, आले होते का गं रजाकार?

"न्हाई आले आपल्या गावाला. शेजारच्या गावाला आले. आपले बसूनच राहिले."

आजानं मला लेव्हीचं सांगितलं, जवारीचं सांगितलं, हे कधीच सांगितलं नव्हतं. मी वही उघडली, पूर्वेचा बुरूज, जंग्या क्रमांक ४, आणि पुढं तिनं सांगितलेलं तिच्याच शब्दांत उतरवून घ्यायला लागलो, तर ती म्हणाली थांब, भाकरी कशात बांधून द्यायची माय ते पण लिही, आणि सांगत बसली.